स्वच्छ छायाचित्र आणि खरे छायाचित्र: नॉइज काढणारे सॉफ्टवेअर निवडताना इतिहासाच्या अभ्यासकाने काय पाहावे?

१/ नाणेघाटातील सातवाहनकालीन लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक दीर्घ लेख आहे. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतीय अंकलेखनाच्या अतिप्राचीन पुराव्यांत त्यांची गणना होते. त्या लिपीत ‘एक’ म्हणजे एक आडवी रेघ आणि ‘दोन’ म्हणजे एकाखाली एक अशा दोन आडव्या रेघा. सुमारे दोन हजार पावसाळे सोसलेल्या त्या खडकावर रेघ कोणती आणि भेग कोणती, हे ठरवताना तज्ज्ञांचीही कसोटी लागते.

२/ आज अशा भिंतीचे छायाचित्र मोबाइलवर काढले जाते, एका बटणासरशी ‘स्वच्छ’ केले जाते आणि लगेच प्रसृत होते. सॉफ्टवेअरने एखादी भेग ठसठशीत करून तिची रेघ केली, तर एकाचे दोन होतात. एखादी झिजलेली रेघ खडकाचा खरबरीतपणा समजून पुसली, तर दोनाचे एक होतात. म्हणून नॉइज काढणारे आणि शार्पनिंग करणारे सॉफ्टवेअर निवडणे हा इतिहासाच्या अभ्यासकासाठी पुराव्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘कोणते छायाचित्र अधिक सुंदर दिसते’ या निकषावर देता येत नाही.

३/ प्रथम नॉइज म्हणजे काय, ते पाहू. प्रकाश सेन्सरवर कणाकणांनी येऊन पडतो आणि हे पडणे पावसाच्या थेंबांसारखे अनियमित असते. एखाद्या बिंदूवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील, तर त्यात साधारण १० चा चढउतार असतो, म्हणजे १० टक्के. १०,००० कण पडत असतील, तर चढउतार १०० चा, म्हणजे केवळ १ टक्का. अंधाऱ्या लेण्यातील छायाचित्र दाणेदार दिसते, त्याचे मुख्य कारण हे आहे. कॅमेरा महाग असला तरी हा नियम बदलत नाही.

४/ शार्पनिंगची कथा संगणकाहून जुनी आहे. फिल्मच्या काळात डार्करूममधील कारागीर मूळ निगेटिव्हची मुद्दाम अस्पष्ट अशी पॉझिटिव्ह प्रत करीत आणि ती निगेटिव्हवर अचूक बसवून छपाई करीत. अस्पष्ट प्रतीमुळे मोठे उजेड-अंधार सौम्य होत आणि बारीक कडा उठून दिसत. ‘अनशार्प मास्क’ हे आजच्या सॉफ्टवेअरमधील चमत्कारिक वाटणारे नाव तेथूनच आले. या क्रियेतून नवी माहिती निर्माण होत नव्हती. होती तीच माहिती डोळ्यांना अधिक सुलभ होत होती.

५/ त्यानंतरचा मोठा धडा अवकाशातून आला. एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण अंतराळात गेली आणि तिची चित्रे अंधुक निघाली. तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रोमीटरने अधिक सपाट घासली गेली होती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती केली. मधल्या साडेतीन वर्षांत खगोलशास्त्रज्ञांनी गणिताचा आधार घेतला. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन ल्यूसी यांनी १९७४ मध्ये मांडलेली डीकॉन्व्होल्यूशनची पद्धत त्यात विशेष उपयोगी पडली.

६/ ही पद्धत उपयोगी पडली, कारण दोष नेमका कोणता हे शास्त्रज्ञांना मोजता येत होते. बिंदूएवढा तारा त्या आरशातून किती आणि कसा पसरतो, हे माहीत होते. त्यामुळे तो पसारा उलट क्रमाने आवरता येत होता. तरीही अंधुक ताऱ्यांची तेजस्विता अशा चित्रांवरून मोजताना ते सावध राहत, कारण नॉइज वाढून खोट्या आकृती उमटू शकतात. प्रगत गणित हाती असतानाही त्याच्या मर्यादा उघडपणे मांडल्या गेल्या. अभ्यासकाने हबलकडून घ्यायचा गुण हाच आहे.

७/ साध्या छायाचित्रांच्या बाबतीत नॉइज काढण्याचे शास्त्र २००५ च्या सुमारास एका वळणावर आले. ब्वादेस, कोल आणि मोरेल यांनी ‘नॉन-लोकल मीन्स’ ही पद्धत मांडली. चित्रातील एका तुकड्यासारखे दिसणारे इतर तुकडे त्याच चित्रात शोधायचे आणि त्यांची सरासरी काढायची, असे तिचे सूत्र आहे. २००७ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथील संशोधकांनी ‘बीएम३डी’ ही अधिक प्रभावी पद्धत प्रसिद्ध केली. या दोन्हींचा आधार समोरचे चित्र हाच होता. बाहेरचे काहीही त्यात येत नव्हते.

८/ पुढची पिढी एआयची. टोपाझचे डिनॉइज एआय, २०२० मधील डीएक्सओचे डीपप्राइम, २०२३ मध्ये अडोबी लाइटरूममध्ये आलेले डिनॉइज ही तिची परिचित नावे. अशा पद्धतींना असंख्य छायाचित्रांवर शिकवलेले असते. दाणेदार चित्राखाली बहुधा काय असते, याचा त्यांनी अनुभवावरून अंदाज बांधलेला असतो. हा अंदाज पुष्कळदा अचूक असतो आणि परिणाम थक्क करणारा असतो. मात्र येथे प्रथमच समोरच्या चित्रात नसलेले ज्ञान चित्रात उतरते. पक्ष्याचे पीस कसे असते हे त्या यंत्रणेने हजारदा पाहिलेले असते. झिजलेला ब्राह्मी अंक तिने पाहिला असेलच, याची खात्री कोण देणार?

९/ नीटनेटकेपणा किती फसवू शकतो, याचे उदाहरण २०१३ मध्ये जर्मनीत मिळाले. डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशातील आकडे बदलत आहेत. तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ उमटले. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृती एकच समजून एकीच्या जागी दुसरी बसवीत होते. कंपनीने नंतर सुधारित सॉफ्टवेअर दिले.

१०/ या प्रकरणात एआय नव्हती आणि कोणाचा हेतूही वाईट नव्हता. तरी त्यातील भयावह बाब अशी, की चुकीचा आकडा अंधुक नव्हता. तो सुबक, ठळक आणि निःशंक दिसत होता. अंधुक अक्षर वाचकाला थांबवते आणि भिंग हाती घ्यायला लावते. सुबक अक्षर वाचकाला पुढे जाऊ देते. मोडी कागदावरील शकाच्या आकड्यात १ चा ९ झाला आणि तो ठळक दिसला, तर संशय घेण्याचे कारणच उरणार नाही.

११/ न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका खून खटल्यात बचाव पक्षाने मोबाइलवरील चित्रफीत एआय सॉफ्टवेअरने सुस्पष्ट करून पुरावा म्हणून मांडली. मूळ चित्रांपेक्षा तिच्यात सुमारे सोळापट पिक्सेल होते. न्यायाधीशांनी ती स्वीकारली नाही. यंत्रणा कोणत्या पद्धतीने निष्कर्ष काढते हे अपारदर्शक आहे आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांत तिला मान्यता नाही, असा निर्णयाचा आशय होता. इतिहासाच्या पुराव्याला याहून सैल कसोटी लावण्याचे कारण नाही.

१२/ चेहऱ्यांच्या बाबतीत धोका आणखी गडद होतो. २०२० मध्ये ‘पल्स’ नावाच्या संशोधन प्रणालीला बराक ओबामा यांचे अत्यंत अस्पष्ट चित्र दिले गेले आणि तिने एका गौरवर्णीय पुरुषाचा सुस्पष्ट चेहरा दिला. एकोणिसाव्या शतकातील व्यक्तींची जी ‘एचडी’ छायाचित्रे आज फिरतात, त्यांतील डोळ्यांची चमक, त्वचेचा पोत आणि ओठांची कड बहुधा अशीच इतर चेहऱ्यांवरून आलेली असते. श्रद्धेने जपलेले ते चित्र त्या व्यक्तीचे उरलेले नसते.

१३/ पुराभिलेखविद्येने हा पेच फार पूर्वी सोडवला आहे. शिलालेखाचे वाचन छापताना संदिग्ध किंवा अनुमानाने भरलेली अक्षरे कंसात दिली जातात. त्यामुळे दगडावर काय आहे आणि विद्वानाने काय सुचवले आहे, यांतील सीमा वाचकाला दिसते. सुचवलेले अक्षर चुकीचे ठरले, तर पुढचा अभ्यासक ते काढून टाकू शकतो. एआय सॉफ्टवेअर अक्षरे भरते, परंतु कंस देत नाही. आक्षेपाचा मुद्दा एवढाच आहे.

१४/ दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. प्रत्येक कॅमेरा काही ना काही प्रक्रिया करतोच. मोबाइल तर बटण दाबताक्षणीच नॉइज पुसतो आणि कडा उठवतो. संपूर्ण ‘अस्पर्श’ असे डिजिटल छायाचित्र पडद्यावर दिसतच नाही. गडावरील सूर्योदय, लग्नसमारंभ, पक्षी किंवा भित्तिपत्रक यांसाठी एआय सॉफ्टवेअर निःसंकोच वापरावे. त्यात काही गैर नाही. जेथे छायाचित्रावरून कोणी काही वाचणार, मोजणार किंवा सिद्ध करणार आहे, तेथे मात्र निवड वेगळी असली पाहिजे.

१५/ अशा कामासाठी पहिला निकष: सॉफ्टवेअरने मूळ फाइलला हात लावता कामा नये आणि केलेल्या प्रत्येक क्रियेची नोंद ठेवली पाहिजे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर येथे उत्तम ठरतात. ती रॉ फाइल तशीच ठेवतात आणि बदलांची नोंद सोबतच्या वेगळ्या फाइलमध्ये करतात. डार्कटेबलमध्ये नॉन-लोकल मीन्स उपलब्ध आहे, तर रॉथेरपीमध्ये रिचर्डसन-ल्यूसी पद्धतीचे शार्पनिंग. क्रम मात्र पाळावा: आधी नॉइज काढावा, मग शार्पनिंग करावे. उलट केल्यास दाणेही धारदार होतात.

१६/ दुसरा निकष: सॉफ्टवेअरने काय काढून टाकले, हे तपासता आले पाहिजे. ही कसोटी २००५ च्या त्याच निबंधातून आली आहे. मूळ चित्रातून स्वच्छ केलेले चित्र वजा करावे. गिंपमध्ये दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून ‘डिफरन्स’ निवडले की हा फरक दिसतो. उरलेल्या चित्रात केवळ अनियमित दाणे असतील, तर काम प्रामाणिक झाले. त्यात अक्षरांच्या कडा किंवा रेघा दिसू लागल्या, तर सॉफ्टवेअरने नॉइजबरोबर लेखही खरवडला किंवा त्यात भर घातली, असे समजावे.

१७/ तिसरा निकष: उत्तर माहीत असलेल्या वस्तूवर परीक्षा घ्यावी. वाचन निश्चित झालेल्या एखाद्या नाण्याचे किंवा लेखाचे चांगल्या उजेडात आणि पुन्हा मुद्दाम अपुऱ्या उजेडात छायाचित्र घ्यावे. दुसरे छायाचित्र सॉफ्टवेअरला द्यावे आणि निकाल पहिल्याशी ताडून पाहावा. जाहिरातीतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची चित्रे अशी पडताळणी करू देत नाहीत, कारण वस्तू प्रत्यक्षात कशी होती हे त्यांत कोठेच दाखवलेले नसते.

१८/ सर्वांत विश्वासार्ह उपाय मात्र सॉफ्टवेअरच्या आधीचा आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा स्थिर ठेवून एकाच लेखाची १६ छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांची सरासरी काढावी. नॉइज एक चतुर्थांश होतो. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. परवानगी असेल तेथे बाजूने तिरपा उजेड टाकावा. कोरलेल्या अक्षराची सावली कोणत्याही शार्पनिंगपेक्षा अधिक सांगते. उजेडाची दिशा बदलत घेतलेल्या छायाचित्रांत रेघ आणि भेग वेगळ्या वागतात. हे श्रमाचे काम आहे, पण त्यात कल्पनेची भर पडत नाही.

१९/ शेवटी प्रकाशनाचा शिष्टाचार. स्वच्छ केलेल्या चित्रासोबत मूळ चित्र द्यावे. कोणते सॉफ्टवेअर वापरले, कोणती क्रिया केली, हे एका ओळीत सांगावे. एआय वापरली असेल तर तसे स्पष्ट लिहावे. ही ओळ म्हणजेच पुराभिलेखविद्येतील तो कंस आहे.

२०/ सारांश: दोष माहीत असतो तेव्हा केलेला बदल दुरुस्ती ठरतो, दोष माहीत नसताना भरलेला तपशील अनुमान असतो. अनुमानाला इतिहासात स्थान आहे, परंतु ते अनुमान म्हणून ओळखू आले पाहिजे. नाणेघाटातील एखादी रेघ संशयास्पद असेल, तर ती छायाचित्रातही संशयास्पदच दिसू द्यावी. उद्याचा एखादा वाचक तिच्याकडे पाहून तेथवर चढून जाईल आणि खडकावर पुन्हा डोळे लावून पाहील.