फडक्याविरुद्ध

महागाईविरुद्ध आजवर पुष्कळांनी लिहिलं. हुंड्याविरुद्ध लिहिलं, लाउडस्पीकरविरुद्ध लिहिलं, लग्नातल्या बुफेविरुद्धसुद्धा लिहिलं. पण फडक्याविरुद्ध कुणी लेखणी उचलल्याचं माझ्या वाचनात नाही. तेव्हा हे राष्ट्रकार्य शेवटी माझ्यावरच येऊन पडलं आहे.

आधीच खुलासा करतो. स्वयंपाकघरातल्या फडक्याशी माझं काही भांडण नाही. त्या प्रांतात भांडण काढण्याइतका मी शूर नाही. माझा राग आहे तो गाडी पुसायच्या फडक्यावर. हा पूर्वजन्मी कुणाचा तरी बनियन असतो. या जन्मी तो बादलीच्या कडेवर लोंबत असतो आणि रोज सकाळी 'जरा कपडा मारतो' एवढ्या तीन शब्दांच्या मंत्रावर तुमच्या-आमच्या गाडीचं वाटोळं करून जातो. 'कपडा मारणे' हा शब्दप्रयोग ज्याने काढला तो द्रष्टा असला पाहिजे. त्यातलं 'मारणे' हे क्रियापद किती खरं आहे हे आम्हांला फार उशिरा कळलं.

त्याचं असं झालं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे. गेली एकोणीस वर्षं तो एकाच जागी उभा आहे आणि त्याच्याविषयी कुणाची तक्रार नाही. जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी मी गाडी लावत असताना मात्र त्याने माझ्या गाडीची डावी बाजू सोलून काढली. आमच्या हिचं म्हणणं थोडं वेगळं आहे, पण लेख माझा असल्यामुळे तिचं म्हणणं इथे देत नाही. दोन दरवाजे, एक मडगार्ड आणि बोनेट, एवढं काम निघालं. डेंटिंग, लांबी, प्रायमर, रंग असे सगळे संस्कार होऊन नवव्या दिवशी गाडी अशी काही चकाकू लागली, की उरलेली उजवी बाजू सावत्र वाटायला लागली.

गॅरेजमध्ये रंगकाम करणाऱ्या गृहस्थांना सगळे 'मास्तर' म्हणतात. मी आनंदाच्या भरात खिशातून रुमाल काढला आणि बोनेटवरचा एक कण टिपायला गेलो. मास्तरांनी माझा हात वरच्या वर धरला. विहिरीत वाकणाऱ्या पोराचा धरावा तसा!

"साहेब, रंग वाळलाय. पिकलेला नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आंबे आढीत घातल्यावर रोज दाबून बघता का? तसंच हे. महिनाभर हिला विसरा. नुसतं साधं पाणी. फडका नाही, कव्हर नाही, पॉलिश नाही. पॉलिशचं दोन-तीन महिन्यांनी मला विचारा, मग बघू. झाडाखाली लावू नका. पक्ष्याने घाण केली तर मात्र वाट बघू नका. ओलं कापड त्यावर ठेवायचं, भिजू द्यायचं आणि उचलायचं. घासायचं नाही."

मग त्यांनी मला शिकवणी दिली. कारखान्यात गाडी रंगवतात तेव्हा ती नुसता पत्र्याचा सांगाडा असते. ना टायर, ना खुर्च्या, ना वायरी. म्हणून तिला सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत खुशाल भाजता येतं. गॅरेजमध्ये येते ती सगळ्या संसारासकट. तिला तेवढं तापवलं तर रंग पक्का होईल, पण डॅशबोर्डचं पिठलं होईल. म्हणून तिला साठ अंशांच्या आसपासच शेकतात. उरलेला पक्केपणा रंगाने पुढच्या काही आठवड्यांत आपला आपण मिळवायचा असतो. आतलं द्रावण हळूहळू उडत असतं, हार्डनर आपलं काम करत असतो. त्यावर लगेच मेण चोपडणं किंवा कव्हर घालणं म्हणजे धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडावर उशी ठेवणं.

आणि आपण जिला रंग म्हणतो ती चकाकी रंगाची नसतेच! रंगावर एक बिनरंगी थर असतो, तो क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एक हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो. म्हणजे ज्या वर्तमानपत्रात आपण भजी बांधून आणतो, त्याच्या कागदाहूनही हा थर पातळ. आपली सगळी ऐट तेवढ्यावर उभी असते.

हे ज्ञान घेऊन मी घरी आलो आणि दारातच युद्धाला तोंड लागलं. ही हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी. बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचं होतं. मी गाडी आणि ताट यांच्यामध्ये आडवा झालो. "अहो, देवाचं आहे!" "देवाचंच आहे, पण हळदीचा डाग देवाला निघत नाही!" शेवटी स्वस्तिक काचेवर काढायचं ठरलं. काच कशालाच घाबरत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे नाना वीस वर्षांपूर्वीची रबिंग पॉलिशची डबी घेऊन आले. सेक्रेटरीसाहेब स्वतःच्या गाडीचं जुनं कव्हर देऊ लागले. वाऱ्याने रात्रभर फडफडणारं कव्हर म्हणजे आपण झोपेत असतानाही चालू राहणारा फडका, हे त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला. भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, कोटिंग करून घे, नाइन एचवालं. हिऱ्यासारखं कडक!" मी चौकशी केली. ते ९ एच पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचं माप निघालं. हिरा राहिला बाजूला, हा तर कंपासपेटीतला मामला!

आता या सगळ्यांना गाडीचं वाईट करायचं होतं का? मुळीच नाही. उलट प्रेम उतू जात होतं. माझा मुद्दा इथेच आहे. आपल्या लोकांना हात न लावता प्रेम करताच येत नाही. बाळ झालं की आपण त्याला चोळतो. समई दिसली की घासतो. तांब्याच्या घागरीला चिंच लावून अशी रगडतो, की ती सोन्याची असल्याचा संशय यावा. आपली संस्कृती पितळेची आहे, आणि घासलं की चकाकतं हा पितळेचा धर्म आहे. पण पितळ आतबाहेर पितळच असतं. वरचं थोडं गेलं तर खालीही तेच. समई शंभर वर्षं घासा, नातसुनेला उरते. गाडीचा क्लिअर कोट म्हणजे समई नव्हे, दुधावरची साय आहे. साय घासून कुणी चकचकीत केल्याचं ऐकलंय?

नानांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. नाना मूर्ख नाहीत. त्यांचं ज्ञान खरं आहे, फक्त त्याची मुदत संपली आहे. १९२३ साली अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीने 'ड्युको' नावाचं लॅकर मोटारींसाठी आणलं. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडेच्या आठवडे जात. आपल्याकडे तर ड्युको हे कंपनीच्या मालाचं नाव न राहता कामाचंच नाव झालं. लोक लाकडी कपाटालाही ड्युको करून घेतात. माझ्या वडिलांची फिकट निळी फियाट होती. दोन उन्हाळ्यांत तिच्यावर खडूसारखी पांढुरकी कळा येई. मग एका रविवारी वडील बाह्या सरसावून रबिंग पॉलिश घेऊन बसत. फडका निळा होई, आणि खालून पुन्हा नवीकोरी फियाट निघे. तेव्हा ते योग्यच होतं, कारण रंगाचा एकच जाड थर असे आणि वरचा मेलेला भाग काढला की खाली जिवंत रंग मिळे. शिवाय फडक्यावर आलेला निळा रंग सांगत असे, की बाबा रे, तुझ्या खिशातून एवढं गेलं! आता वरचा थर बिनरंगी. तो फडक्यावर दिसत नाही. पाप होतं, पण हिशेबाच्या वहीत त्याची नोंदच होत नाही.

"मग धूळ तशीच ठेवायची का?" असं मला रोज किमान तिघे तरी विचारतात. माझं उत्तर : हो, खुशाल ठेवा! बसलेली धूळ निरुपद्रवी असते. तिला फरफटत नेली की ती चावते. धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिऱ्याला १० गुण आणि क्वार्ट्झला ७. पोलादी चाकूवरही त्याचा ओरखडा उठतो, तिथे क्लिअर कोटची काय कथा! फडका कितीही मऊ असो, ओरखडे फडका काढत नाही, त्याच्या पोटात बसलेली वाळू काढते. धूळ अधिक फडका बरोबर काचपेपर, हे सोपं समीकरण आहे. कुठलीही जुनी गाडी उन्हात उभी करून बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. ती तुमच्या स्वच्छतेची वर्तुळं. तेव्हा आधी वरून पाणी सोडावं, धूळ वाहून जाऊ द्यावी, आणि मग काही पुसायचं असलंच तर पुसावं. माझा जाहीरनामा एवढाच आहे.

या ज्ञानाच्या तोऱ्यात मी पहिला बळी घेतला तो आमच्या गाड्या पुसणाऱ्या पोराचा. उजव्या दरवाजावरची वर्तुळं दाखवून मी त्याला चार लोकांसमोर फाडफाड बोललो. तो फडका पिळत ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "काका, मलाबी कळतंय. पण पुसल्याली दिसाया पायजे ना. न्हाई तर म्हणत्यात, आज आलाच न्हाई."

मी गप्प झालो. घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. गाड्या चौतीस, वेळ सकाळचे तीन तास, म्हणजे गाडीला जेमतेम पाच मिनिटं. टँकरचं पाणी जपायचं म्हणून सोसायटीची पाटी, 'गाड्या धुऊ नयेत. ओल्या फडक्याने पुसाव्यात.' त्यामुळे पाच गाड्यांना मिळून एक बादली. पाचव्या गाडीला आधीच्या चार गाड्यांची वाळू बोनसमध्ये. पोराने वेगळं करावं तरी काय? फडका त्याच्या हातात होता, पण फिरवत आम्ही होतो.

म्हणून मी कमिटीपुढे प्रस्ताव ठेवला. रोज पाच गाड्यांना एक बादली म्हणजे पंधरा दिवसांत गाडीमागे तीन बादल्या होतात. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदाच दोन बादल्यांत गाडी नीट धुवावी. एक बादली पाणी वाचेल. पोराला रोज दोन किंवा तीन गाड्या येतील, एकेका गाडीला तो अर्धा-पाऊण तास देऊ शकेल. पगार आहे तोच, गाडीमागे महिना पाचशे. रंगही टिकेल आणि पोराचा खांदाही.

कमिटी हादरली. "म्हणजे पंधरा दिवसांतले चौदा दिवस माझ्या गाडीला तो हातच लावणार नाही? मग पैसे कसले?" सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "काम करताना माणूस दिसला पाहिजे." प्रस्ताव एका मताविरुद्ध सर्व मतांनी फेटाळला गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा प्रश्न रंगाचा नाहीच. आपण काम बघत नाही, कष्ट बघतो. ऑफिसात फायली उगाच इकडून तिकडे नेणारा आपल्याला कर्तबगार वाटतो आणि शांतपणे विचार करत बसलेला कामचुकार वाटतो. गाडी खराब झाली तरी चालेल, पण ती रोज कुणीतरी घासली पाहिजे!

मी मात्र माझ्यापुरता नियम केला. पोराला सांगितलं, पाचशे रुपये दरमहा चालू राहतील, पण गाडीला हात लावायचा नाही. पंधरवड्यातून एका रविवारी आपण दोघे मिळून धुऊ. तो दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत होता. आता रविवारी तो पाणी ओततो आणि मी सूचना देतो. वाळत आलेले थेंब मात्र टिपावे लागतात, कारण टँकरचं पाणी जड, त्याचे पांढरे ठिपके राहतात. त्यासाठी कोरा, धुतलेला, मऊ कपडा आणलाय. त्याला फडका म्हणायला मी घरात बंदी केली आहे.

मार्चमध्ये मी चार दिवस गावाला गेलो होतो. परत आलो तो बोनेटवर धुळीचा छानसा थर, आणि त्या थरात कुणीतरी बोटाने ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'आळशी'. मी हसलो. रविवारी पाणी ओतलं, धूळ गेली. गाडी आरशासारखी झाली. आणि दुपारी ऊन तिरपं झाल्यावर बघतो तर बोनेटवर पुन्हा, 'आळशी'! बोटाखालच्या वाळूने कोवळ्या क्लिअर कोटवर अक्षरं कोरून ठेवली होती.

मास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, "निघेल की. पण घासावं लागेल."

मी नको म्हटलं. आख्ख्या कमिटीशी ज्या तत्त्वासाठी भांडलो, ते एका शब्दासाठी कुठे सोडू? शिवाय अक्षर मी ओळखलं आहे. 'ळ'ला असा गोल वळसा देण्याची शिस्त मराठी शाळेत तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसालाच असते, आणि तसं माणूस आमच्या घरात एकच आहे. तिने मला आजवर जे तोंडी सांगितलं ते आता संध्याकाळी साडेपाचच्या उन्हात सगळ्या सोसायटीला वाचता येतं. नाना तर हल्ली मुद्दाम त्या वेळेला खाली येतात.