मान आणि माप

‘मा’ म्हणजे मोजणे. या धातूपासून परिमाण, प्रमाण आणि मोजमाप या अर्थी ‘मान’ हे शब्द सिद्ध झाले. सन्मान या अर्थाचा ‘मान’ मात्र ‘मन्’ धातूचा. दोन्ही शब्द उच्चारास एक, कुळाने निरनिराळे. तीस-बत्तीस वर्षे वर्गात हा भेद मुलांस सांगत आलो. परंतु स्वयंपाकघरात हे दोन ‘मान’ एकमेकांत किती गुंतलेले असतात, हे यंदाच्या शिमग्यात प्रथमच ध्यानी आले.

होळीपौर्णिमेस आमच्या वहिनींस ताप भरला होता. वय ऐंशीच्या घरातले. गेली पन्नास वर्षे या घरातील पुरण त्यांच्याच हातचे. त्या दिवशी तो भार धाकट्या सूनबाईंवर आला. मुलगी शिकलेली, कामास चटपटीत. परंतु पुरण सैल झाले, पोळ्या तव्यावर फुटल्या, आणि शेवटी नैवेद्यापुरत्या चार पोळ्या कशाबशा निघाल्या. अंथरुणावरून वहिनींनी ती वार्ता ऐकली, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर खेद तर दिसलाच. पण खोटे कशास लिहावे, किंचित समाधानही दिसले.

सूनबाईंची तक्रार अशी, “काका, आईंना विचारले म्हणजे त्या म्हणतात, ‘अंदाजाने घाल.’ तो अंदाज मी आणू कोठून?”

तक्रार रास्त होती. अंदाज अनुभवावाचून येत नाही, आणि अनुभव येईपर्यंत घरच्यांनी फुटक्या पोळ्या खाव्यात, हा काही शिक्षणाचा उत्तम मार्ग नव्हे. म्हणून पाडव्यास वहिनी बऱ्या होऊन चुलीपुढे (म्हणजे आता गॅसच्या शेगडीपुढे) उभ्या राहिल्या, तेव्हा मी सूनबाईंस एक युक्ती सांगितली. वहिनींनी जे जे हातात घ्यावे, ते पातेल्यात पडण्यापूर्वी खाली ताटली धरून झेलावे आणि वाटीने मोजून मग पातेल्यात घालावे. वहिनी प्रथम रागावल्या, मग हसल्या, मग गप्प राहिल्या. त्यांनी पसापसा डाळ तीन वेळा घेतली. तिन्ही वेळा वाटी सारखीच भरली. दहा-वीस दाण्यांचाही फरक नसावा. गूळ त्यांनी डोळ्यांनी पाहून फोडला. तोही चिरून मोजता डाळीइतकाच निघाला.

म्हणजे अंदाज हा मापाचा अभाव नव्हे. ते हातात मुरलेले माप आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या कोठीत चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे होतीच. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब त्यांस मुखोद्गत असे. 1956 च्या कायद्यानंतर दशमान वजने आली आणि ती मापे अडगळीत गेली. हातांतील स्मरण तेवढे उरले.

तथापि मौज पुढेच आहे. सूनबाईंनी होळीसही डाळ आणि गूळ समभागच घेतले होते! मग पुरण बिघडले कशाने? तेव्हा कळले की नुसते माप पुरत नाही. मापाबरोबर खूण हवी आणि खुणेबरोबर कारण हवे. वाचकभगिनींच्या उपयोगार्थ ती तिन्ही येथे देतो.

एक वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवावी. तीन वाट्या पाण्यात, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवावी. दाणा दोन बोटांत दाबता मध्ये कणी लागू नये, ही पहिली खूण. मग डाळ चाळणीवर निथळत ठेवावी. खाली उतरलेला कट आमटीस ठेवावा. सूनबाईंनी कट पुरता काढला नव्हता, ही पहिली चूक. डाळ पूर्ण शिजल्यावाचून गूळ घालू नये. त्यांनी तो कणी असतानाच घातला, ही दुसरी. डाळीचे कण एकमेकांस धरून ठेवणारे जे द्रव्य असते, ते पाण्यात सुटले म्हणजे डाळ मऊ होते; गुळातील साखर, आंबटपणा आणि चुन्याचा अंश त्याच्या सुटण्यास अडथळा करतात. कणी एकदा राहिली की मग कितीही आटवा, ती हटत नाही. या कारणानेच तुरीच्या आमटीत चिंच अथवा आमसूल डाळ शिजल्यावर घालावे.

गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होते. नवख्या मुली येथे घाबरतात, किंवा उलट, जरा दाटताच उतरवतात. पुरणात उलथने उभे केले असता न कलंडता उभे राहिले पाहिजे, ही दुसरी खूण. पुरण गरम आहे तोच पुरणयंत्रातून काढावे. निवल्यावर ते घट्ट होऊन दांडा फिरत नाही. वेलदोडा, जायफळ शेवटी. सैल राहिलेच तर पीठ मिसळू नये. पुन्हा आचेवर ठेवून आटवावे. कणीक सैलसर भिजवून, तेलाच्या हाताने तिंबून दोन तास झाकून ठेवावी; गव्हातील चिवटपणा त्या अवधीत सैलावतो आणि पोळी लाटताना फाटत नाही.

कारण एकदा कळले म्हणजे ते एका पदार्थापुरते राहत नाही. बाजरीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नाही. म्हणून ते कढत पाण्यात भिजवावे लागते. कढत पाण्याने पिठातील सत्त्व फुगून चिकट होते आणि भाकरी थापताना चिरत नाही. बाजरीच्या पिठातील स्निग्धांश लवकर खवटतो. तेव्हा थंडीतही आठवड्यापुरतेच दळून आणावे. फोडणीत आधी मोहरी, कारण ती तडतडण्यास तेल चांगले तापलेले लागते. हळद शेवटी, कारण ती क्षणात करपते. आमचे नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. मुंबईहून आलेल्या सुनेची डाळ उघड्या पातेल्यात थोडी रेंगाळली, तर तो तिचा दोष नव्हे, सह्याद्रीचा आहे. आणि आमटी खारट झाल्यास बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो, हा समज सोडून द्यावा. बटाटा मिठाचे पाणी पितो, निवडून मीठ पीत नाही. पाणी व शिजलेली डाळ वाढवणे हाच उपाय.

हे सारे सूनबाई वहीत उतरवीत असता वहिनी हळूच मला म्हणाल्या, “भावोजी, सगळे कागदावर गेले म्हणजे मग मला कोण विचारणार?”

या प्रश्नास मला तात्काळ उत्तर सुचले नाही. पन्नास वर्षे ज्या बाईचा घरातील मान तिच्या मुठीतील मापावर उभा राहिला, तिने मूठ उघडावी असे म्हणणे सोपे, उघडणे अवघड. ‘अंदाजाने घाल’ हे उत्तर आळसाचे नव्हते. त्यामागे ही धास्ती होती. सुनांनी हे ओळखावे. परंतु सासूबाईंनीही हे ओळखावे की, मिटलेली मूठ मान राखीत नाही; ती मिटलेलीच निघून जाते आणि मागे राहतात त्या फुटलेल्या पोळ्या.

मराठीत पाकशास्त्राचे पुस्तक नवे नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 चे. परंतु 1970 साली निघालेल्या ‘रुचिरा’ने जे घराघरांत केले ते वेगळेच. कमलाबाई ओगले यांचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. स्वयंपाकाचे खरे धडे त्यांस सासूबाईंपासून मिळाले. त्यांनी तराजू बाजूस ठेवून वाटी आणि चमचा ही प्रत्येक घरात असणारी मापे धरली. परिणामी माहेर-सासरापासून दूर, परक्या गावी संसार मांडणाऱ्या मुलींस जणू एक सासू पुस्तकरूपाने सोबतीस मिळाली. लक्षावधी प्रती खपल्या. मूठ उघडल्याने कमलाबाईंचा मान कमी झाला, असे कोण म्हणेल?

आमच्या घरचे म्हणाल, तर अक्षय्यतृतीयेस सूनबाईंनी वही समोर ठेवून पुरण घातले. पोळी एकही फुटली नाही. तरी त्या तीनदा चुलीपासून उठून वहिनींच्या खाटेपाशी गेल्या. गूळ चिकीचा निघाला, तर चालेल काय? उलथने उभे राहिले, पण जरा कलते वाटते, उतरवू काय? पूर्वी ‘किती घालू’ एवढाच प्रश्न असे. आता प्रश्नही शहाणे झाले होते. वहिनींनी तिन्ही वेळा सविस्तर उत्तरे दिली आणि तिसऱ्या वेळी त्या आपण होऊन काठी टेकीत स्वयंपाकघरात आल्या.

तेव्हा या महिन्यात एवढे करावे. घरातील वडील स्त्रीच्या हातचा जो पदार्थ सर्वांस आवडतो, तो एक दिवस तिच्या शेजारी उभे राहून वाटीने मोजावा. माप, खूण आणि कारण या तीन रकान्यांत लिहावा. आणि पानाच्या माथ्यावर पदार्थाआधी तिचे नाव घालावे. आमच्या वहीचे पहिले पान ‘वहिनींचे पुरण’ असे आहे. वहिनींनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि जायफळाचे प्रमाण चुकले आहे असे सांगितले. ते दुरुस्त केले आहे.