हाताला नावे ठेवण्यापूर्वी

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि प्रसंग आला की दुसऱ्यांना ऐकवतोही. स्वतःच्या अंगचा उणेपणा साधनांच्या माथी मारणाऱ्यांना ती चांगली चपराक आहे, यात शंका नाही. परंतु म्हण कितीही शहाणी असली, तरी ती सर्वच ठिकाणी लावून चालत नाही. कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. आणि अशा वेळी नाचणाऱ्या मुलीला बोल लावणे हा अन्याय ठरतो. भरतकामाच्या बाबतीत असा अन्याय घरोघरी आणि शाळाशाळांतून होत असतो, असे माझे मत आहे. म्हणून यंदाच्या अंकात एका अगदी लहानशा वस्तूविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. ती वस्तू म्हणजे भरतकामाचे कडे, ज्याला आपण सर्वजण ‘रिंग’ म्हणतो.

एखादी मुलगी मोठ्या हौसेने उशीच्या अभ्र्यावर गुलाब भरायला घेते. पाकळ्या भरीव टाक्याने भरते, देठ काढते, पाने काढते. काम संपवून रिंग सोडवते, तो फुलाभोवती चुण्याच चुण्या! पाकळ्या आक्रसलेल्या, देठ तिरका. मग घरातून शेरा मिळतो, ‘हिच्या हाताला वळणच नाही.’ बिचारी सुई ठेवून देते, ती पुष्कळदा कायमचीच. त्या वेळी रिंग हातात घेऊन तिच्या दोन कड्यांमध्ये किती फट आहे, हे मात्र कोणी पाहत नाही.

रिंगेचे काम वस्तुतः एकच आहे: कापडाला ताण देणे आणि तो टिकवणे. टाका घालताना आपण दोरा ओढतो. तो ओढला जाताना कापडालाही आपल्याकडे ओढू पाहतो. कापड सैल असेल तर ते दोऱ्याबरोबर गोळा होते आणि चुणी पडते. कापड डफाच्या कातड्यासारखे ताठ असेल, तर दोरा त्याच्यावर मुकाट्याने निजतो. आतले कडे आणि बाहेरचे कडे यांच्या पकडीत हा ताण राहतो आणि स्क्रू ती पकड कमीअधिक करतो. म्हणजे रिंगेचा सारा गुण पकडीत आहे. तिच्या रंगात नाही, तिच्या चकाकीत नाही आणि किमतीत तर मुळीच नाही.

आता प्रश्न येतो आकाराचा. दुकानात 4 इंचांपासून 10-12 इंचांपर्यंत रिंगा मिळतात आणि ‘मोठी घ्यावी, सगळ्याला उपयोगी पडेल’ असा हिशेब पालक करतात. तो मला चुकीचा वाटतो. डाव्या हाताने रिंग धरली असता त्या हाताची बोटे कापडाखालून तिच्या मध्यापर्यंत पोहोचली पाहिजेत, कारण खालून सुई परत पाठवण्याचे काम त्यांचेच. दहाबारा वर्षांच्या मुलीच्या हाताला 8 इंचांच्या रिंगेचा मध्य सहजी गाठता येत नाही. शिवाय रिंग जितकी मोठी, तितका मध्यभागीचा ताण लवकर ढिला पडतो. म्हणून रुमाल, अभ्रा, बाळाचे झबले अशा लहान कामांना 4 ते 6 इंचांची, म्हणजे सुमारे 10 ते 15 सेंटिमीटरची रिंग उत्तम. शक्य असेल तर संपूर्ण नक्षी रिंगेच्या आत मावावी आणि भोवती बोटभर जागा उरावी. म्हणजे भरलेले टाके कड्यांखाली चिरडले जात नाहीत.

लाकडाची रिंग घ्यावी की प्लास्टिकची, असेही विचारले जाते. लाकडी आणि बांबूच्या रिंगेचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असल्याने कापड निसटत नाही. पण हलक्या प्रतीचे लाकूड पावसाळ्यात वाकडे होते आणि मग कडी एकमेकांना नीट मिळत नाहीत. प्लास्टिकला दमट हवेचे भय नाही. मात्र गुळगुळीत प्लास्टिकवरून मलमल घसरते. वस्तूचे नाव न विचारता तिची परीक्षा घ्यावी, हे बरे. दुकानातच कडी एकात एक बसवून उजेडासमोर धरावीत. दोहोंमध्ये एका बाजूस प्रकाशाची रेघ दिसली, तर ती रिंग तिथेच ठेवून द्यावी. कडांवरून बोट फिरवावे. बोटाला टोचेल ते कापडालाही टोचणार. स्क्रूचे आटे झिजलेले नाहीत ना, हेही पाहावे.

आणि एवढे करूनही घरात जुनी, सैल रिंगच असेल, तर ती टाकून देण्याचे कारण नाही. आतल्या कड्याला सुती फीत किंवा जुन्या धोतराची बोटभर रुंदीची पट्टी तिरपी गुंडाळावी आणि शेवटी दोन टाके घालून पक्की करावी. फट भरून निघते, पकड येते आणि नाजूक कापडावर वळही कमी उठतो. बाजारातील महाग रिंगेपेक्षा अशी पट्टी गुंडाळलेली साधी रिंग पुष्कळदा सरस ठरते.

कापड चढवताना ते उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेनेच ओढावे. तिरपे ओढले की वीण वाकडी होते आणि रिंग सोडताच गोल फूल लंबगोल होऊन बसते. रुमालाचा कोपरा रिंगेत मावत नसेल, तर कोपऱ्याच्या कडांना जुन्या कापडाचा तुकडा धावदोऱ्याने जोडून घ्यावा. काम झाल्यावर तो उसवून टाकता येतो. आणि दिवसाचे काम संपले की रिंग काढून ठेवावी. आठवडाभर तशीच राहिली, तर तिचा गोल वण आणि त्यावर बसलेली धूळ धुतल्यावरही सहजी जात नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘आमच्या आज्या कुठे रिंगा वापरीत होत्या?’ प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपल्या परिसरातच आहे. निमाडातील बंजारा स्त्रियांचे भरतकाम पाहा. कापडाच्या विणीच्या अनुरोधाने काढलेल्या त्या भौमितिक आकृत्या, ती फुल्यांची नक्षी! कापड जाड, टाका विणीचे धागे धरून चालणारा. अशा कामात कापड स्वतःच स्वतःला सावरते. आपल्या घरातील गोधडीचेही तसेच. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांना आधार देतात आणि धावदोरा त्यांना धरून ठेवतो. गोधडीला रिंग लावू पाहणाऱ्याला आजीबाई हसतीलच! माझी मायबोली कोकणी. गोव्यातील घरांतून क्रोशाच्या जाळ्या विणल्या जातात, त्यांतही दोऱ्याचा सारा ताण डाव्या हाताच्या बोटांवरच तोललेला असतो.

दुसऱ्या टोकाला जरदोजी पाहावी. भोपाळचे जरदोजीचे बटवे प्रसिद्ध आहेत. त्या कामात कापड चार दांड्यांच्या मोठ्या चौकटीवर ताणतात. तिला कारचोब किंवा अड्डा म्हणतात. चौकट जमिनीपासून उंच टेकवलेली असल्याने कारागिराचे दोन्ही हात मोकळे राहतात, एक कापडाच्या वर आणि एक खाली. सोन्यारुप्याच्या तारेचे वजन आणि तिचा ताठरपणा लहानशा कड्याला पेलणारा नाही. या अड्ड्यांवर पुरुष कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत. तेव्हा भरतकाम हे मुलींचेच काम, असे समजणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

आपला बऱ्हाणपूर जिल्हा कापडाच्या आणि जरीच्या बाबतीत परका नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये 1641 मध्ये आणि पुन्हा 1658 मध्ये बऱ्हाणपुरास आला होता. येथील पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंड, अरबस्तान अशा दूरदेशी जात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. सोन्यारुप्याच्या पट्ट्या असलेल्या वस्त्रांचाही त्याने उल्लेख केला आहे. ज्या गावच्या कापडाने एवढे देश पाहिले, त्या गावाशेजारच्या खकनारच्या मुलांनी कापडाचा स्वभाव ओळखू नये, हे शोभणारे नाही.

या साऱ्यातून मला जे म्हणायचे आहे, ते थोडक्यात असे. रिंग ही कापड, टाका आणि हात या तिघांना विचारून निवडायची वस्तू आहे. मलमल किंवा केंब्रिकवर भरीव टाका, गाठीचा टाका घालायचा असेल, तर ती हवीच. दोसुतीसारख्या जाड कापडावर फुल्या घालताना, किंवा सुई एकाच हालचालीत आत-बाहेर काढून साखळी टाका घालताना, ती नसली तरी चालते. कित्येकदा नसलेलीच बरी. मग शाळेने सर्वांना एकाच मापाची रिंग आणण्याची सक्ती का करावी? शेतमजुरी करणाऱ्या आईबापांवर हा अनावश्यक खर्च का लादावा? शाळेच्या कपाटात 4, 5 आणि 6 इंचांच्या दहाबारा चांगल्या रिंगा ठेवाव्यात आणि ज्या कामाला जी लागेल, ती मुलांना निवडू द्यावी. ही निवड हाच शिक्षणाचा अर्धा भाग आहे. तयार उत्तर हाती देण्यापेक्षा निवडीचे कारण समजावून देणे, हे शाळेचे खरे काम.

आज यंत्रे क्षणार्धात हजारो टाके घालतात, मग हा खटाटोप कशाला, असेही काहींना वाटेल. परंतु लक्षात घ्या, यंत्रालादेखील कापड चौकटीत ताणूनच द्यावे लागते! ताणाचा नियम यंत्राला चुकला नाही, तो आपल्याला कसा चुकेल? आणि हाताने भरलेल्या चार पाकळ्यांतून जी चिकाटी, जी नजर आणि जो नेटकेपणा अंगी येतो, तो यंत्राचे बटण दाबून येत नाही.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलीचे, किंवा मुलाचेही, भरतकाम बिघडले तर ‘हाताला वळण नाही’ हे शब्द ओठांवर आणण्यापूर्वी रिंग उजेडासमोर धरा. कापड सैल होते का, रिंग हातापेक्षा मोठी होती का, हे पाहा. त्यातून काही दोष निघाला तर तो पट्टी गुंडाळून घटकाभरात दूर करता येईल. पण कोवळ्या मनात एकदा ‘मला जमत नाही’ ही गाठ बसली, की ती सोडवायला पुष्कळ वर्षे लागतात.