दुसऱ्या पाळीची वेळ

‘म्हातारा हट्टाला पेटलाय’, ‘मुद्दाम करतो’. अल्झायमर झालेल्या माणसाच्या संतापावर लालबाग-परळच्या घराघरांत हा निकाल ऐकू येतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हात झटकायची सोय तर भाषेनेच करून ठेवली आहे.

पण हट्टालाही स्मरणशक्ती लागते. काय हवं ते लक्षात ठेवून अडून बसावं लागतं. दहा मिनिटांपूर्वीचा चहा ज्याला आठवत नाही, तो डाव कसला रचणार?

समजा, उभी हयात दुसऱ्या पाळीत साचे चालवलेला गिरणी कामगार आहे. दुपारचे तीन वाजले की तो सदरा चढवतो, डबा मागतो, दाराची कडी खडखडवतो. मुलगा समजावतो, ‘बाबा, गिरणी 1982च्या संपात गेली, तिथं आता मॉल आहे.’ खरंच आहे. पण या आजारात नवं आधी पुसलं जातं, जुनं मागे राहतं. त्याच्या लेखी साडेतीनची पाळी चुकतेय, खाडा पडणार, आणि कुणी अनोळखी बाप्या दार अडवून उभा आहे. आपणही हात उगारला असता. चाळीच्या गॅलरीत शेजाऱ्यांच्या नजरेखाली त्याने येरझाऱ्या तरी घातल्या असत्या. टॉवरमधल्या 225 चौरस फुटांत त्या कुठे घालणार?

कधी कारण अंगातच असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट, टोचणारी कवळी. सांगता येत नाही, म्हणून माणूस अंगावर येतो. गणपतीत खिडकीखाली ताशा कडाडला तरी तेच.

‘मग गोळी देऊन झोपवा.’ स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना नव्या पिढीतली मनोविकारविरोधी औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 साली दिला. 2023मध्ये अल्झायमरमधल्या याच अस्वस्थतेसाठी त्याच गटातल्या ब्रेक्सपिप्राझोल या औषधाला त्यांनी मंजुरी दिली, तीही त्या इशाऱ्यासकट. जिवावर बेतत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध द्यावंच लागतं. पण कारण न शोधता दिलेली गोळी म्हणजे तक्रार करणाऱ्याचंच तोंड दाबणं.

‘प्रेमाने घेतलं की शांत होतात’ हेही मला मान्य नाही. हे बोलणारे बहुधा रविवारी शहाळं घेऊन येतात आणि तासाभरात निघतात. रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला प्रेम शिकवण्यापेक्षा एक रात्र झोपू द्यावं. तिने घड्याळाकडे पाहून वहीत टिपलेलं त्या उपदेशाहून कामाचं असतं: किती वाजता बिनसलं, त्याआधी काय झालं, पोट साफ होतं का. तीनला चिडत असतील, तर पावणेतीनलाच डबा हातात द्यावा आणि विचारावं, ‘बाबा, आज कुठल्या साच्यावर?’