संपर्क झाला, निरोप पोहोचला का?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही डोंगर घरांवर आला. सावित्रीच्या पुराने महाड शहर वेढलेले, रस्ते बंद, संपर्क यंत्रणा कोलमडलेली. बचाव पथके तळियेत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर असाच प्रसंग गुदरला होता. अशा आपत्तीनंतर हौशी रेडिओची, म्हणजे ‘हॅम’ मंडळींची, आठवण निघते. घरबसल्या ब्राझीलशी बोलणाऱ्यांना तळियेहून अलिबागला बोलता येणार नाही काय, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याचे उत्तर ‘संपर्क’ कशाला म्हणायचे, यावर अवलंबून आहे.

हॅमच्या जगात दूरच्या संपर्काला ‘डीएक्स’ म्हणतात. शंभर वेगवेगळ्या प्रदेशांशी संपर्क साधणाऱ्यास ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही संस्था १९३७ पासून मानाचे प्रमाणपत्र देते. (या यादीत अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे भारतापासून वेगळे मोजले जातात, त्यामुळे महाडकराला पोर्ट ब्लेअरशी बोलूनही ‘नवा देश’ मिळतो!) ग्राह्य संपर्काचा सर्वमान्य संकेत असा : दोघांनी एकमेकांचे संकेतनाम बिनचूक ऐकावे, आवाज कसा येतो याचा आकडा द्यावा-घ्यावा आणि पोच द्यावी. पुढे दोघांच्या नोंदवह्या जुळल्या की शिक्कामोर्तब होते. जमिनीवरील पुनर्प्रक्षेपकामार्फत, म्हणजे रिपीटरमार्फत, झालेला संपर्क या प्रमाणपत्रासाठी चालत नाही. मधल्या तिसऱ्याने निरोप सांगितला, तर तोही नाही.

नियम कडक आहेत, आचरण तितके नाही. स्पर्धांमध्ये सरसकट ‘५९’ हा सर्वोत्तम आकडा दिला जातो आणि त्याच दमात ‘आपले संकेतनाम पुन्हा सांगा’ अशी विनंतीही होते. २०१७ मध्ये नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ‘एफटी-८’ ही पद्धत आणली. कानाला ऐकूही न येणारा क्षीण संदेश संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत टिपतो. तंत्र म्हणून ते थक्क करणारे आहे, आणि असा संपर्क प्रमाणपत्रासाठी पूर्णपणे ग्राह्यही आहे. पण त्यात मनाजोगा मजकूर पाठवायचा तर एका वेळी जेमतेम तेरा अक्षरे मावतात. दरडीखाली किती घरे, जखमी किती, कोणता रस्ता खुला, हे तेरा अक्षरांत सांगायचे कसे?

महाड-पोलादपूरचा भूगोल तर प्रमाणपत्राच्या नियमांना उलटाच पडतो. हातातल्या छोट्या संचाच्या १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. सह्याद्रीच्या सोंडांमागे दडलेल्या वाडीतून त्या शेजारच्या खोऱ्यातही धड उतरत नाहीत. इथे कड्यावरचा रिपीटर हवा, नाहीतर खिंडीत बसून निरोप पुढे देणारा तिसरा माणूस तरी हवा. स्पर्धेत जे बाद, तेच इथे पहिली गरज. दुसरा उपाय ७ मेगाहर्ट्झचा. सुमारे वीस मीटरची तार जमिनीपासून दोन-तीन मीटरवरच ताणली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून परावर्तित होऊन भोवतालच्या शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. डोंगर आड येत नाही. रात्री हा मार्ग अनेकदा बंद पडतो, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते आणि तार दुप्पट लांब लागते. डीएक्सच्या शौकिनाला अशी बुटकी तार कुचकामी वाटेल, कारण त्याचे लक्ष क्षितिजापलीकडे असते.

या दोन जगांची गाठ २००४ च्या डिसेंबरात पडली होती. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम पथक पोर्ट ब्लेअरला गेले होते ते जगभरच्या शौकिनांना अंदमानचा दुर्मीळ संपर्क देण्यासाठी. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच संचांवरून बेटावरची खुशाली आणि मदतीचे निरोप जाऊ लागले. कायद्यालाही हा प्रसंग परका नव्हता. १९७८ च्या भारतीय हौशी रेडिओ नियमांनी नैसर्गिक आपत्तीत जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्याचे किंवा त्याच्यासाठीचे निरोप पोहोचवण्याची मुभा दिली होती. मुभा असणे आणि सवय असणे यांत मात्र अंतर आहे.

म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या सरावात ‘किती केंद्रे ऐकू आली’ हे मोजून भागणार नाही. अमेरिकेतील निरोप्या हॅमच्या छापील नमुन्यात शब्दसंख्येचा रकाना असतो. घेणारा शब्द मोजतो, संख्या जुळली नाही तर पुन्हा विचारतो आणि जुळली की मगच पोच देतो. केवनाळ्याहून निघालेला पंचवीस शब्दांचा मराठी निरोप, मध्ये दोन माणसे बदलून, अलिबागच्या नियंत्रण कक्षात पंचवीस शब्दांचाच उतरला आणि त्याची पोच परत केवनाळ्याला मिळाली, तर तो संपर्क नोंदवहीत चढवावा. तो सराव मे महिन्याच्या निरभ्र दुपारी नको. जूनच्या एखाद्या धो धो रात्री, वीज बंद ठेवून, बॅटरीवर घ्यावा.