वाडीला कोड नसतो: इर्शाळवाडी आणि आपल्या सरकारी डेटामधली फट

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता असतानाच २३ जुलैला शोधमोहीम थांबवावी लागली. दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने विधानसभेत सांगितलं की ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती.

तेव्हापासून पावसाळा आला की एक प्रश्न हमखास ऐकू येतो: उपग्रह आहेत, एआय आहे, मग एवढी वाडी कुणाला दिसली कशी नाही? माझं मत असं की दिसण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आहे तो आपण डेटा कशाच्या नावाने साठवतो याचा.

गाव म्हणजे नेमकं काय?

आपल्या बोलण्यात वाडी, पाडा, गाव सगळं एकच. सरकारी डेटाबेसमध्ये तसं नाही. तिथे मूळ एकक आहे महसुली गाव. जनगणनेचा कोड त्याला, सातबारा त्याच्या नावाने, पीक पाहणीही त्याचीच. एका महसुली गावाच्या हद्दीत डोंगरावर चार वाड्या असल्या, तरी जनगणनेच्या तक्त्यात ओळ एकच.

आता कल्पना करा, तुमच्याकडे दोन एक्सेल फाइल आहेत. एकीत धोक्याची ठिकाणं, दुसरीत लोकसंख्या. त्या जोडायच्या तर दोन्हीत सारखा असा एक कोड लागतो. गावाला तो असतो, वाडीला नसतो. गाव पायथ्याशी सपाटीवर असेल तर ते सुरक्षित ठरतं आणि त्याच्याच नावाखाली मोजलेली डोंगरावरची माणसंही आपोआप सुरक्षित ठरतात. कोणी मुद्दाम लपवलेलं नसतं, जोडणीच तशी झालेली असते.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, इर्शाळवाडी सरकारला अनोळखी नव्हती. तिथे जिल्हा परिषदेची शाळा होती, आणि शाळांना स्वतंत्र यू-डायस कोड असतो. जलजीवन मिशनची नोंद तर वस्तीनिहाय होते. म्हणजे वाड्यांची माहिती असते, पण ती वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत असते.

५० हजारांत एक

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४ पासून देशभर दरडींच्या शक्यतेचे नकाशे करायला घेतले. त्यांच्या 'भूकोश' पोर्टलवर ते कुणालाही पाहता येतात. त्यांचं प्रमाण आहे १:५०,०००. सोप्या भाषेत, नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. पन्नासेक घरांची दाटीची वाडी या नकाशावर दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका होते. कुठल्या पट्ट्यात जास्त काळजी घ्यायची हे त्यावरून कळतं. कुठल्या घरामागचा उतार सुटेल हे कळत नाही, आणि नकाशा तसा दावाही करत नाही.

पावसाचंही तेच. 'महावेध' प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, साधारण प्रत्येक महसूल मंडळाला एक. एका मंडळात अनेक गावं येतात. पण कर्जत शहरात पडणारा पाऊस आणि त्याच तालुक्यात वर माथेरानला पडणारा पाऊस यात किती फरक असतो, ते इथल्या कुणालाही विचारा. सपाटीवरच्या केंद्राचा आकडा डोंगरावरच्या वाडीला लावला की अंदाज चुकण्याची सोय आपणच करून ठेवतो.

ट्रेकर्सना ठाऊक होतं

इर्शाळगडाची वाट या वाडीतूनच जायची. कितीतरी भटक्यांच्या फोनमध्ये या वाटेचा जीपीएस ट्रॅक होता, वाडीतल्या जेवणाचे फोटो होते. चौकजवळच्या मानिवलीतून किती वेळ चढायचं, हे त्यांना पाठ होतं. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, ही गोष्ट बचावपथकांना त्या रात्री चढताना भोगावी लागली. हौशी लोकांकडे होती ती माहिती आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीपर्यंत पोहोचवणारा पूल मात्र कुठेच नव्हता.

मग आपण काय करू शकतो?

तुम्ही कर्जत-खालापूर पट्ट्यातले असाल किंवा इथे ट्रेकला येत असाल, तर एक साधं काम आहे. वाडीत उभं राहून फोनच्या नकाशावर बोट दाबून धरा. अक्षांश-रेखांश दिसतील. दशांश चिन्हानंतरचे चार आकडे पुरेत, त्यात साधारण ११ मीटरपर्यंतची अचूकता मिळते. नुसतं नाव पुरत नाही, कारण ठाकूरवाडी नावाच्या वाड्या या भागात एकीपेक्षा जास्त आहेत. आणीबाणीत 'ठाकूरवाडीला या' एवढं सांगून गाडी भलत्याच डोंगराखाली पोहोचू शकते.

हे आकडे ओपनस्ट्रीटमॅपवर टाका. हा सर्वांनी मिळून केलेला मोफत नकाशा आहे, आणि मराठीत नाव लिहिता येतं. सोबत वाडीचं नाव, अंदाजे घरं, पायवाट की गाडीरस्ता, एवढं कागदावर लिहून ग्रामपंचायत, तलाठी आणि तहसील कार्यालयाला द्या. पोच घ्यायला विसरू नका.

एक सावधगिरी मात्र हवी. इथल्या जमिनीवर फार्महाऊसवाल्यांचा डोळा आहे, आणि बऱ्याच आदिवासी घरांचे वनहक्काचे प्रश्न सुटलेले नाहीत. त्यामुळे वाडीतल्या लोकांना विचारल्याशिवाय काही टाकू नका. कुटुंबांची नावं, फोन नंबर, घरांचे फोटो तर अजिबात नकोत. धोका कळायला ठिपका पुरतो.

यादीत नाव आलं म्हणजे डोंगर थांबतो, असं मी म्हणणार नाही. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३ हा क्रम आपल्यासमोर आहे. सावध करणं, वेळेत हलवणं, नीट पुनर्वसन करणं ही कामं प्रशासनाची आहेत आणि ती त्यांच्याकडून मागायलाच हवीत. पण ज्या वाडीची ओळच नाही, तिच्यासाठी इशाऱ्याचा मेसेज पाठवणार कुठे? तुमच्या वाडीची ओळ आहे का, एवढं या पावसाळ्याआधी तपासा.