कप्पी, ताणकाटा आणि माझी एक चूक

माझा नातू यंदा अकरावीत आहे. सायन्स, आणि जोडीला जेईईचा क्लास. परवा संध्याकाळी डायनिंग टेबलावर वही पसरून तो कप्पीची गणितं सोडवत होता आणि मी समोर बसून मटार सोलत होते. दहा मिनिटांत त्याची आठ गणितं झाली. मला कौतुक वाटलं. म्हटलं, त्यातलं एक मला समजावून सांग की.

तर म्हणाला, "आजी, समजवायचंय काय त्यात? फॉर्म्युला आहे. दोन वस्तुमानांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले जी. आकडे टाकायचे, झालं."

"आणि दोरीतला ताण?"

"त्याचा दुसरा फॉर्म्युला."

म्हटलं, बरं. कप्पीच्या एका बाजूला ३ किलो, दुसऱ्या बाजूला २ किलो. दोन्ही सोडून दिली. आता कप्पी ज्या हुकाला टांगली आहे त्या हुकावर किती ओढ येते? कप्पीचं आणि दोरीचं वजन धरू नकोस.

"पाच किलो, म्हणजे ५० न्यूटन." उत्तर पटकन आलं आणि चुकलं. (हिशेब सोपा व्हावा म्हणून जी १० धरलाय.)

आता तुम्ही म्हणाल, मराठी घेऊन बीए झालेल्या बाईंना ही चौकशी कशाला? सांगते. त्यासाठी १९७८ सालात जावं लागेल.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शिकवत होते. आमचे विज्ञानाचे सर बदली होऊन गेले आणि नवीन काही येईनात. हेडमास्तरांनी नववीचं विज्ञान माझ्या गळ्यात घातलं. "पुस्तक वाचून शिकवा हो बाई, त्यात काय!" मी रात्री पुस्तक वाचायची आणि सकाळी तेच वर्गात ओतायची. दोन वर्षं असं चाललं.

एक दिवस फळ्यावर आकृती काढली. टेबल, त्याच्या दोन्ही कडांना एकेक कप्पी. मधे आडवा ताणकाटा. काट्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून त्या कप्प्यांवरून खाली सोडलेल्या आणि दोन्हीकडे ५-५ किलोची वजनं टांगलेली. काटा किती दाखवेल? काही मुलं म्हणाली शून्य, कारण दोन्ही ओढी एकमेकींना मारतात. काही म्हणाली दहा. मी मोठ्या आत्मविश्वासाने दहा लिहिलं. दोन्हीकडून पाच-पाच ओढतंय, मग दहाच की!

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, पाच येतील."

"का गं?"

"एका बाजूचं वजन काढून ती दोरी भिंतीतल्या खिळ्याला बांधली, तर काटा पाचच दाखवेल ना? मग खिळ्याच्या जागी वजन लावलं तर काट्याला काय कळणार?"

मंडळी, आज सत्तेचाळीस वर्षं उलटल्यावरही हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. इतकं स्वच्छ उत्तर मी पुढच्या सगळ्या नोकरीत फार थोड्या वेळा ऐकलं. आणि मी काय केलं? "बस खाली, उगाच फाटे फोडू नकोस," म्हणाले. वर्ग हसला. सहामाहीत मी मुद्दाम तोच प्रश्न घातला. तिने पुन्हा पाच लिहिलं आणि मी लाल शाईने काट मारली. त्यानंतर ती वर्गात बोलल्याचं मला आठवत नाही.

चार-पाच वर्षांनी एका शिक्षक शिबिरात हाच प्रयोग मांडलेला पाहिला. काटा पाचावर स्थिर उभा होता. साधी गोष्ट आहे हो. काट्याला एकाच बाजूने कधी ओढताच येत नाही. वाण्याच्या दुकानात खाली पाच किलो टांगलं तर वरचा हुक काट्याला तेवढ्याच ओढीने वर धरून ठेवतो, म्हणून तर काटा ताणला जातो. तिथेही दोन ओढी असतातच, फक्त हुकाची ओढ आपण मोजत नाही. मला घाम फुटला. ती मुलगी तोवर दहावी होऊन गाव सोडून गेली होती.

त्या लाजेपोटी मी कप्पी शिकले. मिळेल ते पुस्तक वाचून, ज्याला त्याला विचारून. आणि शिकता शिकता कळलं की यातलं निम्मं मला हाताने ठाऊकच होतं. लहानपणी माहेरी विहिरीवर रहाटाने पाणी शेंदायचो. घागर भरून उचलताना पहिला हिसका जड लागतो. एकदा ती एका चालीने वर येऊ लागली की नेमकं घागरीएवढंच वजन हाताला लागतं. आणि भरली घागर पुन्हा खाली सोडली तर हात हलका होतो. घागर तीच, पाणी तेवढंच, पण दोरीतला ताण दर वेळी निराळा! दोरीतला ताण म्हणजे टांगलेलं वजन नव्हे, हे माझ्या तळहाताला दहाव्या वर्षी माहीत होतं. फळ्यापाशी उभी राहिले की मात्र विसरत होते.

तर नातवाला म्हटलं, फॉर्म्युला झाकून ठेव. दोन्ही वजनं वेगवेगळी काढ आणि प्रत्येकाला विचार, तुला कोण ओढतंय? ३ किलोवाल्याला पृथ्वी ३० ने खाली ओढते, दोरी वर ओढते. २ किलोवाल्याला पृथ्वी २० ने खाली, दोरी वर. कप्पी हलकी आणि बिनघर्षणाची धरली म्हणून दोन्हीकडे ताण तोच. दोरी ताणत नाही म्हणून एक जितकं खाली तितकंच दुसरं वर, म्हणजे त्वरणही तेच. एवढंच मांडलं की त्वरण येतं २ आणि ताण २४. ताळाही करून बघता येतो. ३० वजा २४ म्हणजे ६, ते ३ किलोला २ चं त्वरण देतात. २४ वजा २० म्हणजे ४, तेही २ किलोला २ चंच देतात. आणि हुकावर ओढ दोन दोऱ्यांची, म्हणजे ४८. पन्नास नाही!

मग त्यालाच गंमत वाटू लागली. ३ किलोला खालून हात लावून धरलं तर? दोरीत उरतात २०, हुकावर ४०. उलट, २ किलोचं वजन खाली दाबून धरलं तर? ताण ३०, हुकावर ६०. दोन वजनं तीच, हुक तोच, आणि उत्तरं ४०, ४८, ६०. त्याचे ते पन्नास केव्हा येतात माहितेय? कप्पी गंजून अडकली तर! मग एका बाजूला ताण ३०, दुसऱ्या बाजूला २०. हे त्याने स्वतः शोधून काढलं, मी नाही सांगितलं.

ही मांडणी आहे जॉर्ज ॲटवूड यांची. ते केंब्रिजला शिकवत आणि १७८४ साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकात या यंत्राचं वर्णन आहे. वस्तू मोकळी सोडली तर ती इतक्या झपाट्याने पडते की त्या काळच्या घड्याळांनी मोजणार काय? कप्पीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी वजनं लावली की पडणं संथ होतं, डोळ्यांनी टिपता येतं. न्यूटनचे नियम खरे आहेत का हे मापून बघण्यासाठी केलेलं यंत्र, आणि आपण त्याचं केलं काय, तर आकडे टाकायचं चौकोनी खोकं!

नातवाची बाजूही सांगायला हवी. तो म्हणाला, "आजी, परीक्षेत एका प्रश्नाला दोन मिनिटं मिळतात. तुझ्यासारखं प्रत्येकाला विचारत बसलो तर मी घरी बसेन." खोटं नाही त्याचं. क्लासवाल्यांचाही मी दोष मानत नाही, ते जे विकलं जातं तेच विकतात. पण फॉर्म्युला शेवटी हातात यावा, आधी नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण प्रश्न जरा कूस बदलतो आणि फॉर्म्युला तोंडघशी पाडतो. बघा ना, गुळगुळीत टेबलावर ४ किलोचा ठोकळा आहे. त्याच्या दोरीला कडेच्या कप्पीवरून १ किलोचं वजन टांगलं तर त्वरण २. वजन काढून तिथे हाताने १० न्यूटनने ओढलं तर अडीच. ओढ दोन्हीकडे दहाचीच दिसते, पण पहिल्या वेळी त्या टांगलेल्या किलोलाही पळवायचं असतं, म्हणून दोरीत ८ च उरतात. पाठांतरवाले इथे हमखास आपटतात.

असो. काल रविवारी आम्ही दोघांनी गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कप्प्या मोकळ्या केल्या. सुनेने कपाळावर हात मारला. दोन कप्प्यांमधे आडवा अडकवला प्रवासाच्या बॅगा तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा, आणि दोन्हीकडच्या दोऱ्यांना पाण्याने भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या. सोडायच्या आधी नातवाला विचारलं, किती येतील?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चार... नाही, थांब. दोन."

दोनच्या जरा वर आले. प्लॅस्टिकच्या कप्प्या कुरकुरतात, शिवाय बाटलीचंही थोडं वजन असतंच.

हा ब्लॉग माझे नातेवाईक आणि तुम्ही चार ब्लॉगर मंडळी वाचता हे मला ठाऊक आहे. तरी तुमच्यापैकी कुणाची आई, मावशी, वहिनी १९७८ साली एखाद्या तालुक्याच्या शाळेत नववीला असेल, दुसऱ्या बाकावर बसत असेल आणि ताणकाट्याच्या प्रश्नावरून बाईंचा ओरडा खाल्ल्याचं सांगत असेल, तर तिला माझा निरोप द्या. पाच बरोबर होते. त्या पेपरातले दोन गुण मी तिचे देणं लागते.